जुना वीडर घेतला अन् इंजिन मिसिंग मारतंय? कार्ब्युरेटर बदलायच्या आधी हे पाहा

डवऱ्याला बैलजोडी वेळेवर भेटत नाही, निंदणाला बाया भेटत नाहीत, म्हणून यवतमाळ घ्या, वर्धा घ्या, कपाशीत आता पेट्रोलचे पॉवर वीडर (फिरत्या पात्यांनी तण काढणारं यंत्र) दिसतात अन् नवा परवडत नाही म्हणून लय जण जुना उचलतात. मंग तक्रार ठरलेली, चालू होतो पण नीट चालत नाही, रेस आपोआप वर-खाली होते, वावरात टाकला की दम सोडतो. दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो कार्ब्युरेटरच (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) बदलून टाका. थांबा थोडं. इंजिन कधी बिघडतं हे नीट पाहिलं तर अर्धं निदान घरीच होते. मी ७ एचपीच्या, २०० सीसीच्या आसपासच्या फोर स्ट्रोक इंजिनाबद्दल सांगतोय, डिझेलवाल्यांचं गणित वेगळं.

घ्यायला जाल तेव्हा सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहा. गरम लागला तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलाय, मंग थंड होईपर्यंत बसा, चहा घ्या, अन् थंड इंजिन स्वतः दोरी ओढून चालू करा, कारण चालू व्हायची खोट इंजिन थंड असतानाच दिसते. अन् पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, हे कधीच विसरू नका.

सुरुवात पेट्रोलपासून. वीडर मृगापासून भादव्यापर्यंत चालतो, मंग कोठ्यात उभा राहतो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत, टाकीत पेट्रोल तसंच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते, अन् पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसते. कार्ब्युरेटरच्या खाली जी वाटी असते तिच्या तळाला एक बोल्ट आहे, बहुतेक १० नंबरचा पाना लागतो, काचेची स्वच्छ बाटली खाली धरून तो ढिला करा. जवळ बिडी-काडी नको अन् इंजिन गार पायजे. बाटली दोन मिनिटं उजेडात ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, किंवा पाण्याचे मणी इकडून तिकडे पळताना दिसले, तर दुखणं तिथंच आहे. टाकी पूर्ण रिकामी करा, ताजं पेट्रोल टाका, बाकी काही उघडायच्या आधी पुन्हा चालवून पाहा.

तरी रेस वर-खाली होत असेल तर चालू इंजिनावर चोक (कार्ब्युरेटरची हवा कमी करणारा खटका) हळूहळू अर्धा ओढा. ही टेस्ट मला सगळ्यात जास्त कामाची वाटते. अर्ध्या चोकवर इंजिन सुधारलं म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बुजलाय किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून (जोडावरची पातळ चकती) फालतू हवा ओढली जातेय, आधी तिथले दोन नट आवळून पाहा. उलट चोक ओढल्यावर आणखी बिघडलं अन् काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय, तेव्हा एअर फिल्टर बुजलाय का पाहा. आपल्या काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक, कोरड्या वावरात एका दिवसात फोम भरून टाकते. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सुकवा, थोडं इंजिन ऑईल लावून घट्ट पिळा अन् बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, नुसता हलका आपटायचा. ऑईल बाथवाला असेल तर खुणेपर्यंतच ऑईल भरा, जास्त भरलं की तेच ऑईल इंजिनात ओढलं जाते.

प्लग तर काढायचाच. कोरडा काळा काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, ओला असेल तर करंट नाही किंवा इंजिन पेट्रोलनं भरलंय, अन् फिकट चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. प्लगच्या दोन टोकांमधली गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. शंका वाटली तर सरळ नवा प्लग टाका, त्यात कंजूसी काहून करायची.

जेट बुजलेला निघाला तर वाटी उतरवून मधला मेन जेट अन् बाजूचा लहान पायलट जेट काढा. काढायच्या आधी मोबाईलनं फोटो घ्या. जेट उन्हाकडं धरून आरपार पाहा, छिद्र पूर्ण गोल दिसलं पायजे, अर्धवट दिसलं तर आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक आहे. क्लीनर स्प्रे मारा, हवा मारा, तांब्याच्या वायरची एक बारीक तार चालेल, पण सुई किंवा स्टीलची तार घालू नका, छिद्र मोठं झालं की तो जेट गेला. वावरात लोड आल्यावर दम सोडत असेल तर मेन जेटवर संशय घ्या, अन् रिकामं उभं असताना रेस हलत असेल तर पायलटवर.

दहा-पंधरा मिनिटं छान चालून बंद पडतो त्याचं कारण वेगळं असू शकते. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण ढिलं करा, अन् लगेच चालू झाला तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीनं बुजलंय. तरी झाला नाही तर तिथंच, इंजिन गरम असतानाच, नवा प्लग कॉइलच्या (स्पार्कला करंट देणारा भाग) टोपीत लावून इंजिनाच्या धातूला टेकवा अन् स्पार्क पाहा, पण सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या अन् जुना प्लग जागेवरच राहू द्या. इंजिन थंड असताना स्पार्क अन् गरम झाल्यावर गायब, तर कॉइल गेली.

इतकं करूनही मिसिंग राहिलं अन् गरम झाल्यावर दोरी एकदम हलकी लागत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाहावे लागतील. थंड इंजिनावर, इनलेट ०.१५ अन् एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर असं या साईजच्या इंजिनाला साधारण चालते, पण तुमच्या मॉडेलचं पुस्तक असेल तर त्यातलाच आकडा धरा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर अंदाजानं करू नका, मेकॅनिककडंच न्या. अन् निळा धूर सतत येत असेल तर आधी ऑईलची लेव्हल पाहा, वीडर एअर फिल्टरच्या बाजूनं आडवा पाडला होता का ते विचारा, ते नसेल तर रिंग-बोअरचा (पिस्टनच्या रिंगा अन् सिलिंडर झिजल्याचा) खर्च आहे. असा वीडर अजून घेतला नसेल तर घेऊ नका, जेट अन् प्लगची खोट किरकोळ आहे, ही नाही.

मेकॅनिककडं नेलाच तर नुसतं मिसिंग मारतंय असं सांगू नका. थंड की गरम, चोकवर सुधारतं की बिघडतं, रिकामं की लोडवर, धूर कोणता, हे सगळं सांगा अन् काढलेला जुना प्लग न पुसता त्याच्या हातात द्या.