बर्फावर मासेमारीला निघण्याआधी

आधी टोचे गळ्यात अडकवा, बाकीचं सामान मग भरा. मुठीत बसवलेले दोन अणकुचीदार खिळे आणि मध्ये दोरी, एवढीच ती वस्तू. मागच्या खेपेला नेमकी तीच पिशवीच्या तळाशी राहिली होती. बर्फ फुटून पाण्यात पडलं की काठावर हात नुसते घसरतात, धरायला काही नसतं. पहिलं मिनिटभर धाप आवरत नाही आणि पुढच्या 10 मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. तेवढ्यात पिशवीची चेन कोण उघडणार? म्हणून गळ्यात, जाकिटाच्या वरून. पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. टोचे रोवा, पाय झाडा, वर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा.

कपड्यांचं सांगायला नको. सुके मोजे जास्तीचे घ्या.

पहार हवीच. चालताना पुढे ठोकत जायचं. सहज आरपार गेली तर आल्या पावली मागे. पायी जायला स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान 4 इंच हवा. पांढरा, भुसभुशीत बर्फ निम्म्याच ताकदीचा, तिथे दुप्पट धरा. झरे, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा टाळा. कालच्या मापावर आज विसंबू नका. आणि टोचे?

परवाना खिशात. नियम मात्र त्याच तळ्याचे, याच हंगामाचे वाचा: माणशी किती गळ, भोक किती रुंद, कुठला मासा बंद, केवढा परत सोडायचा. जिवंत मासा आमिषाला चालतो का, हे आवर्जून बघा. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, कारण बादलीतल्या पाण्याबरोबर माशांचे रोग आणि परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. उरलेली बादली तळ्यात ओतू नका, कृपा करून.

आता आमिष. गार पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा सगळं लहान आणि हळू. पर्च तळाजवळ थव्याने फिरतो. छोटा चकाकता स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, आणि त्याला एक-दोन अळ्या पुरतात. क्रॅपी अधांतरी असतो आणि वर बघत खातो, म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर फूटभर ठेवा. खाली गेलं तर तो ढुंकूनही बघत नाही. ब्लूगिल ओढत नाही, हलकेच चोखतो. कांडीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावा आणि तिच्यावरच नजर ठेवा: वाकलेली स्प्रिंग किंचित वर उचलली गेली तरी तो चावाच असतो. पाइकला टिप-अपवर, म्हणजे मासा लागला की झेंडी उभी करणाऱ्या भोकावरच्या सांगाड्यावर, मेलेला मासा, पण गळाआधी तारेचा तुकडा (लीडर) लावून. नाहीतर दातांनी दोरी तुटलीच. वॉलआय तिन्हीसांजेला. बर्बट रात्री, तळाला, माशाच्या तुकड्यावर.

अळ्यांची डबी आतल्या खिशात ठेवा, बाहेर गोठतात. टोचे मात्र बाहेर, गळ्यातच.

भोकातला बर्फ काढायला झारा. पक्कड, दोर, शिट्टी. तंबूत शेगडी पेटवलीत तर हवा खेळती ठेवा, शेगडीच्या कोंडलेल्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसला तरी तो जीव घेतो. कुठे बसणार ते घरी सांगा. कचरा परत आणा, मोठ्या भोकावर फांदी रोवा, तंबू मुदतीआधी उचला.