पूर दारात आणि आराखडा फाइलीत: या चुका टाळा

कोल्हापुरात जुलै उजाडला की एकच चौकशी सुरू होते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण ३९ फुटांना तुमच्या दुकानात, कारखान्यात किंवा ग्रामपंचायतीत नेमकं कोण काय करणार, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी 'बघू, अजून वेळ आहे' हेच उत्तर मिळतं. आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण तो कुठल्याच कामाला बांधलेला नसतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पाणी बघून निघायचं

मोजणी शेवटाकडून करा. टेम्पो जाणारा रस्ता किती फुटांना बुडतो? तळमजल्यावरचा माल हलवायला चार माणसांना किती तास लागतात? तेवढ्या तासांत पाणी किती चढू शकतं? ते फूट रस्ता बुडण्याच्या आकड्यातून वजा केले की तुमची स्वतःची इशारा पातळी मिळते, आणि ती सरकारी पातळीच्या बरीच आधीची असू शकते. फाउंड्रीवाल्यांनी तर हे आधी करायला हवं. भट्टीत वितळलेलं लोखंड असताना वीज गेली तर धातू आतच गोठतो आणि अस्तरही हातचं जाऊ शकतं. म्हणून शेवटची हीट (धातू वितळवण्याची एक खेप) कधी घ्यायची हे फुटांमध्ये ठरवून भिंतीवर लिहा. मालक परगावी असेल आणि फोन लागत नसेल, तर 'बंद करा' म्हणायचा अधिकार कुणाचा, त्याचं नावही तिथेच लिहा.

माणसांच्या बाबतीत हा उशीर जीवावर बेततो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली आणि माणसं बुडाली. नाव आणि लाइफ जॅकेट हवीतच, पण गाडीरस्ता उघडा असताना गाव सोडण्याची तजवीज त्याहून आधीची.

'२००५ ला इथपर्यंतच आलं होतं'

ही समजूत फार महाग पडली. २००५ ची खूण धरून अनेकांनी माल त्याच्या वर हातभर ठेवला होता. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये तेवढंच पुन्हा आलं. मागच्या खुणेच्या वर निदान एक मजला गृहीत धरा. वरचा मजला नसेल तर उंचावरच्या एखाद्या गोदामाशी मे महिन्यातच बोलून ठेवा. पाणी चढल्यावर सगळं गाव तीच जागा शोधत असतं.

जनरेटर आहे, पण खाली

२०१९ मध्ये कोल्हापूर शहर पाण्यानं वेढलं होतं आणि नळ कोरडे होते, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा एका कोविड रुग्णालयातली वीज गेली आणि रुग्ण दगावले. जनरेटर वर चढवला आणि पॅनेल बोर्ड खालीच राहिला, तर उपयोग शून्य. डिझेलची टाकी, केबलचे जोड, बॅटरी, पाण्याचा पंप, सगळ्यांची उंची एकदा टेपने मोजा. डिझेलचा साठाही नियमात बसेल तेवढा आधीच करा. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि पेट्रोल पंपांवर अत्यावश्यक वाहनांसाठीच इंधन राखून ठेवावं लागलं होतं.

कार्यालयांतली चूक: गेल्या वर्षीचीच फाइल

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो, आणि जिल्ह्यातल्या विभागांनी व स्थानिक संस्थांनी आपापला आराखडा करायचा असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तारीख बदलते आणि बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा नंबर तसाच राहतो. १ जूनला यादीतला प्रत्येक नंबर फिरवून बघा. सराव करायचा तर सकाळी अकराला बॅनर लावून नको. संध्याकाळनंतर, वीज बंद करून आणि मुख्य माणसाला मुद्दाम बाजूला बसवून करा.

आणखी एक गोष्ट कुठल्याच आराखड्यात मला पुरेशी दिसत नाही. पुराच्या दिवशी पंप चालवणारा, नोंदी ठेवणारा, मशीनवरचा कामगार यांचीही घरं पाण्यात असतात. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीचा माणूस त्या दिवशी कामावर कसा येईल? त्याचं कुटुंब कुठे जाणार हे आधी विचारा, बदली माणूस ठरवा आणि पगार अडकणार नाही याची सोय करा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. हिशेबाचा बॅकअप संगणकाशेजारच्या कपाटात ठेवू नका, आणि तो दुसऱ्या संगणकावर खरंच उघडतो का ते पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) आणि जन्म-मृत्यूची नोंदवही स्कॅन करून गावाबाहेरही एक प्रत ठेवा.

विमा आहे म्हणून निर्धास्त

माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचं असेल, तर साधारण ३ लाखच हाती येतात, कारण विमा निम्म्याच मालाचा असल्यानं भरपाईही निम्मीच. यालाच अंडर इन्शुरन्स म्हणतात. दिवाळीला माल वाढतो, विम्याची रक्कम मात्र जुनीच राहते. पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे का, हे स्वतः वाचा. काम बंद राहिल्यानं बुडालेल्या नफ्यासाठी सहसा वेगळी पॉलिसी लागते.

पाणी ओसरल्यावरची घाई

चिखल धुण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, पंचनामा करून घ्या. मोटर 'एकदा चालवून बघू' म्हणून बटण दाबू नका. ती उघडून, धुऊन, वाळवून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज दिली तर वाइंडिंग जळू शकतं. आणि भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ रंगाने पक्की करा. शेजारी तारीख लिहा, आणि पाणी तिथे पोचलं तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होते तेही लिहा. पुढच्या जुलैत बंधाऱ्याचा आकडा कानावर आला की तुमच्या उंबऱ्याचा हिशेब त्यावरून लागेल.