दोन सारख्याच फाइव्ह ॲक्सिस मशीनमधून एक कशी निवडायची

दोन फाइव्ह ॲक्सिस मशीन (तीन सरळ आणि दोन फिरत्या ॲक्सिसवर चालणाऱ्या सीएनसी) शॉर्टलिस्ट झाल्यात, दोन्ही ट्रनियन टेबलवाल्या (म्हणजे जॉब धरणारं टेबलच कलतं आणि फिरतं), स्पिंडल दोन्हीला १२ हजार आरपीएमचं, टेबल उन्नीस-बीस आणि किंमतही आसपासच. आता ब्रोशर शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळवत बसला असाल तर ते आधी थांबवा, कारण त्यातले बरेचसे आकडे टेबल सपाट असतानाचे असतात आणि आपण फाइव्ह ॲक्सिस घेतो ते टेबल कलतं म्हणून. खरा फरक टेबल कलवल्यावरच दिसतो.

पहिलं काम म्हणजे स्वतःचे जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचे पार्ट, काढा, नेहमी चालणारे चार-पाच आणि त्यातला सगळ्यात डोकं खाणारा एक. दोन्ही कंपन्यांकडून मशीनचं थ्रीडी मॉडेल मागा, कॅममध्ये (टूलचा मार्ग बनवणारं सॉफ्टवेअर) आपलं फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) आणि जॉब चढवा आणि टेबल ९० डिग्रीला कलवून बघा. जॉबच्या बुडाजवळ, टेबलला लागून एखादं होल असेल तर तिथे पोचायला स्पिंडलचं नाक टेबलच्या कडेला धडकतं, मग तुम्ही लांब होल्डर लावता, आणि टूल सव्वापट लांब बाहेर आलं की त्याच लोडला ते जवळजवळ दुप्पट वाकतं (वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं). जॉबखाली रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) टाकला तर टेबल सपाट असताना झेडची, म्हणजे वर-खालीची, जागा कमी पडते. म्हणून ज्या मशीनचं स्पिंडल नाक बारीक आणि ९० डिग्रीला झेड जास्त खाली येतो ती घेतलेली बरी, भले तिचा एक्स ट्रॅव्हल (आडवी चाल) थोडा कमी का असेना.

मग रोटरी ॲक्सिस, म्हणजे टेबल कलवणारे-फिरवणारे दोन. थ्री प्लस टू म्हणजे कलवा, लॉक करा, मारा, असंच काम जास्त असेल तर रोटरीच्या स्पीडचं फार कौतुक नको, क्लॅम्पिंग टॉर्क (लॉक केल्यावर टेबल किती जोर सहन करतं) विचारा आणि वजन टेबल कलल्यावर किती चालतं तेही विचारा. इम्पेलर, ब्लेड वगैरे सायमलटेनियस काम, म्हणजे पाचही ॲक्सिस एकदम चालणारं, असेल तर टॉर्क मोटरवालं (मोटर थेट टेबल फिरवते असं) टेबल भारी पडतं, गिअरच नाही म्हटल्यावर बॅकलॅशचा, म्हणजे गिअरच्या ढिलाईचा, प्रश्न येत नाही, पण ते गरम होतं, त्यामुळे कूलिंग कसं आहे ते बघा. वर्म गिअर हेवी कटिंगला चिवट, पण झिजतो आणि ॲडजस्ट करत राहावा लागतो.

ॲक्युरसीच्या आकड्यांवर भांडण्याआधी ते कोणत्या स्टँडर्डने मोजलेत ते विचारा. जुन्या जेआयएस (जपानी स्टँडर्ड) पद्धतीने मोजलेला आकडा आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या आकड्यापेक्षा बराच गोंडस दिसतो, मशीन तीच असली तरी. रोटरीचा आकडा आर्क सेकंदात (एका डिग्रीचा ३६०० वा भाग) असतो म्हणून तो किरकोळ वाटतो, पण १० आर्क सेकंदांची चूक सेंटरपासून ३०० मिमीवर साधारण साडेचौदा मायक्रॉन होते. स्पिंडलचंही तसंच, टॉर्क एस१ म्हणजे कंटिन्युअस रेटिंगचा बघा, एस६ चा, म्हणजे अधूनमधून लोड देण्याच्या रेटिंगचा, मोठा आकडा थोडा वेळच मिळतो.

डेमोला गेलात तर कंपनीचा चकचकीत जॉब बघून परत येऊ नका, तो तर छानच निघणार, त्याच्यासाठीच तर ठेवलेला असतो. टेबलवर सेंटरपासून लांब एक मास्टर बॉल (अचूक गोल चेंडू) बसवायला सांगा, स्पिंडलला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं गेज) लावा, टूल सेंटर पॉइंट कंट्रोल (टेबल हललं तरी टूलचं टोक जॉबच्या त्याच बिंदूवर ठेवणारं फंक्शन) ऑन करून टेबल हळूहळू कलवा आणि फिरवा. मशीनच्या हिशोबात स्पिंडल बॉलला चिकटूनच चालायला पाहिजे, म्हणजे डायलचा काटा जितका हलला तितका तुमच्या जॉबमध्ये येणारा एरर. ही टेस्ट मशीन थंड असताना करा, मग दोन-तीन तास स्पिंडल आणि टेबल चालवून परत करा. थंड असताना दोन्ही मशीन सारख्याच दिसतील, गरम झाल्यावर एक कुठेतरी सरकलेली सापडते. सरकली तरी प्रोब (स्पर्शाने मोजणारा सेन्सर) आणि बॉल वापरून पिव्हट पॉइंट (टेबल ज्याभोवती फिरतं त्या सेंटरची मशीनमधली नोंद) तुमचा ऑपरेटर स्वतः दुरुस्त करू शकतो का, की प्रत्येक वेळी सर्व्हिसवाल्याला बोलवायचं, हेही तिथेच करून दाखवायला लावा.

कंट्रोलरचं म्हणाल तर तुमचा प्रोग्रामर ज्यात तरबेज आहे तोच घ्या. फॅनकचा जी४३.४, सीमेन्सचा ट्राओरी, हायडेनहाइनचा एम१२८, तिन्हींचं मूळ काम एकच, वरचं टूल सेंटर पॉइंट कंट्रोल. फक्त ते कोटेशनमध्ये धरलंय की वेगळे पैसे लावून ऑप्शन आहे ते लेखी घ्या, प्रोब आणि स्पिंडलमधून येणाऱ्या कूलंटचंही तसंच. पोस्ट प्रोसेसर (कॅमचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) कोण देणार आणि त्यात बग निघाला तर कोण सुधारणार हेही आत्ताच ठरवा, नाहीतर मशीनवाला कॅमवाल्याकडे बोट दाखवतो आणि कॅमवाला मशीनवाल्याकडे.

अजून एक गोष्ट लोक विचारत नाहीत. फाइव्ह ॲक्सिस मशीनवर बऱ्याच देशांत एक्स्पोर्ट कंट्रोल असतो, त्यामुळे लायसन्सला वेळ लागू शकतो, आणि काही मशीनमध्ये जागा बदलल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, मशीन हलवली की ती लॉक होते आणि कंपनीच ती उघडून देते. पुढे वर्कशॉप शिफ्ट करायचा किंवा मशीन विकायचा विचार असेल तर हे आधी विचारा.

एवढं करूनही दोन्ही बरोबरीत सुटल्या तर स्पिंडल गेल्यावर बदली स्पिंडल किती दिवसांत येतं, ज्यांच्याकडे ती मशीन चालते त्यांना फोन करून विचारा, सेल्सवाल्याला नाही. आणि ऑर्डरमध्ये लिहून घ्या की शेवटचं पेमेंट आपल्या जागेवर आपलाच डोकं खाणारा जॉब टॉलरन्समध्ये निघाल्यावर.