राजाचा अनौरस मुलगा आणि गादीचा वाद: कॅम्पेन चालवताना या चुका टाळा

आर्थर राजाच्या जगातला ‘पेंड्रॅगन’सारखा रोल-प्लेइंग खेळ (खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतात; सेशनमागून सेशन चालणारी अशी लांब गोष्ट म्हणजे कॅम्पेन) चालवणारा जीएम, म्हणजे गेम मास्टर, कधी ना कधी हा डाव टाकतोच: खेळाडूंच्या ओळखीतला साधा सरदारपुत्र राजाचा मुलगा निघतो. मीही टाकला. अंगठी सापडली, दाईने कबुली दिली, टेबलावर सगळे चाट पडले. पुढच्या सेशनला कोणालाच कळेना की आता करायचं काय. सगळ्यांनी त्याला राजा मानलं होतं, भांडायला कोणी उरलंच नव्हतं.

रक्त सिद्ध झालं की दावा सिद्ध झाला, असं मी धरून चाललो होतो. आर्थरच्या दंतकथा लिहिणाऱ्या मॅलरीची कथा बघा. जो उपसेल तोच खरा राजा, अशी दगडातली तलवार आर्थर उपसतो ती एकदाच नाही. नववर्षानंतर ६ जानेवारीचा सण, मग कँडलमस, ईस्टर, पेंटेकॉस्ट हे ख्रिस्ती सण. सरदार दर वेळी ‘पुढच्या सणाला बघू’ म्हणून टोलवतात. शेवटी लंडनची रयत ओरडा करते म्हणून तो राजा होतो. तरीही लॉटसारखे राजे फौजा घेऊन येतातच. जादूगार मर्लिनचा बचाव तर अस्सल वकिली आहे: आर्थरची आई इग्रेन, तिचा नवरा मेल्यावर तीन तासांहून जास्त वेळाने गर्भ राहिला आणि तेरा दिवसांनी आर्थरचा बाप राजा उथर याने तिच्याशी लग्न केलं, सबब पोर अनौरस नाही. हे ऐकून लॉट चक्क हसतो.

म्हणून ‘तो खरंच राजाचा मुलगा आहे का?’ यावर डाइस टाकू देऊ नका. समोरचा सरदार ते मानतो का, यावर टाका. प्रत्येक बड्या सरदारापुढे वहीत तीन गोष्टी लिहा: त्याचा कोणावर विश्वास, हा पोर राजा झाला तर याला काय मिळणार, आणि बाजू कधी बदलणार. माझं अर्धं कॅम्पेन या वहीनेच तारलं.

दुसरी चूक म्हणजे सगळीकडे एकच कायदा लावणं. वेल्सच्या जुन्या रिवाजात बापाने पदरात घेतलेल्या अनौरस मुलालाही वाटा मिळे. चर्चचं म्हणणं, आईबापांनी नंतर लग्न केलं तर मूल औरस. इंग्लंडच्या सरदारांनी १२३६ साली मर्टनच्या सभेत हे साफ नाकारलं. आमचे कायदे बदलणार नाही, म्हणाले. वेल्सचा राज्यकर्ता थोरला लिवेलिन याने तर वेल्समध्येच रिवाज मोडून थोरल्या, अनौरस मुलाला, ग्रिफिथला डावललं आणि धाकट्या डेव्हिडला वारस नेमलं. तेव्हा टेबलावर एक वेल्श नाइट आणि एक इंग्लिश बसवा. दोघंही प्रामाणिक असतील आणि तरीही एकमेकांच्या उरावर बसतील.

आपल्या खेळाडूंची खास चूक म्हणजे दत्तक. ‘राजाने दत्तक घेतला की मिटलं’ हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. (साताऱ्याचं दत्तकविधान कंपनीने १८४८ मध्ये नाकारलं, ती गोष्ट वेगळी.) इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ साली झाला. सरदार एक्टर आर्थरला वाढवतो, पण हे नुसतं सांभाळणं.

आर्थरवर उलटणारा मॉर्ड्रेड वाईट, कारण तो पापातून (आर्थर आणि त्याच्या सावत्र बहिणीपासून) जन्मला, हा आळशीपणा करू नका. मॅलरीच्या कितीतरी आधी मॉनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास आर्थरची गोष्ट लिहिली तेव्हा मॉर्ड्रेड नुसता भाचा होता. आर्थरचा मुलगा तो तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांत झाला. आणि सगळ्यात निष्कलंक नाइट गॅलहॅड, तोही लग्नाबाहेरचाच. आणखी एक: टिंटॅजेलच्या किल्ल्यात त्या रात्री उथर नवऱ्याचं रूप घेऊन इग्रेनकडे जातो, ही फसवणूक आहे, प्रेमकथा नाही. टेबलावर ते दाखवण्याआधी खेळाडूंना विचारा.

शेवटचं, कागद. राजमुद्रेचं पत्र मिळालं की वाद संपला, असं खेळाडूंना वाटतं. त्यांना ब्यूफोर्ट घराणं दाखवा. इंग्लंडचा राजपुत्र जॉन ऑफ गाँट याची ही लग्नाआधीची मुलं १३९७ मध्ये पार्लमेंटने औरस ठरवली. १४०७ मध्ये त्यांचाच सावत्र भाऊ राजा चौथा हेन्री याने त्यात तीन लॅटिन शब्द घुसडले: राजपद सोडून. आणि १४८५ मध्ये, मॅलरीचं पुस्तक छापून निघालं त्याच वर्षी, याच घराण्यातल्या मार्गारेटचा मुलगा सातवा हेन्री बॉसवर्थची लढाई जिंकून गादीवर बसला. ते तीन शब्द कागदावर तसेच होते.