कॉर्ग ट्रायटनच्या कॉम्बीमध्ये इफेक्टची जोडणी
कॉर्ग ट्रायटन या सिंथेसायझर कीबोर्डमध्ये पाच इन्सर्ट इफेक्ट (निवडलेल्या आवाजांपुरते) आणि दोन मास्टर इफेक्ट (सर्वांसाठी सामायिक) असतात. कॉम्बी (एकत्र वाजणाऱ्या अनेक आवाजांची जुळणी) तयार करताना फक्त ऑर्गनला ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) द्यायचा असेल, तर त्याचा बस (आवाज पुढे जाण्याची वाट) एखाद्या इन्सर्टकडे वळवावा आणि पियानोचा एल/आर (मुख्य डावे-उजवे आउटपुट) वरच ठेवावा. दोन्ही एकाच इन्सर्टमधून गेले, तर पियानोही फाटका वाजतो. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) सर्वांसाठी सामायिक, म्हणून तो मास्टरमध्येच बरा. गल्लत बहुधा पुढे होते: इन्सर्टमधून गेलेल्या आवाजाला किती रिव्हर्ब मिळेल, हे टिंबरच्या (कॉम्बीतल्या एकेका आवाजाच्या) सेंडवरून, म्हणजे मास्टर इफेक्टकडे जाणाऱ्या प्रमाणावरून नव्हे, तर त्या इन्सर्टनंतरच्या सेंड १ आणि सेंड २ वरून ठरते. स्वतंत्र आउटपुटांकडे पाठवलेला आवाज मात्र मास्टर इफेक्टमधून जातच नाही, त्यामुळे तो रिव्हर्बविना ऐकू आल्यास बिघाड समजू नये.