भंगारातला रिमोट रिसीव्हर घरी जोडलेल्या कॉम्प्युटरला लावताना

बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या दर्शनी भागातल्या गडद तांबूस खिडकीमागे एकदा डोकावून पाहावे. तिथे हरभऱ्याएवढा, पुढून फुगीर आणि तीन पायांचा एक काळा तुकडा असतो. हाच रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर. तो कॉम्प्युटरला लावला की कॉम्प्युटरही रिमोटच्या बटणांनी चालवता येतो. प्लेअरचा लेसर गेलेला असो वा मोटर, हा तुकडा सहसा शाबूत असतो. बाजारात तो नवाही अगदी स्वस्तात मिळतो, मग जुना काढण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जुन्या सर्किटबरोबर त्याची खिडकी, त्याचा रिमोट आणि मुख्य म्हणजे कोणता पाय कशाला जोडायचा याचे उत्तरही आयते मिळते, म्हणून.

हे उत्तर रिसीव्हर उपटून काढला की हातचे जाते, त्यामुळे सोल्डरिंग गन तापवण्याआधी मल्टिमीटर हाती घ्यावा. सगळ्या रिसीव्हरांच्या पायांचा क्रम एक नसतो. फुगीर बाजू आपल्याकडे करून डावीकडून मोजले, तर टीएसओपी १७३८ या जुन्या प्रकारात ग्राउंड (ऋण बाजू), पुरवठा (धन बाजू) आणि आउटपुट (संकेत बाहेर देणारा पाय) असा क्रम येतो. सर्रास आढळणाऱ्या व्हीएस १८३८बी मध्ये मात्र आउटपुट, ग्राउंड आणि पुरवठा असा. माझा पहिला रिसीव्हर मी इंटरनेटवरच्या एका आकृतीवर विसंबून जोडला आणि तो चटका बसेपर्यंत तापल्यावर आकृती दुसऱ्याच प्रकाराची असल्याचे कळले. तेव्हापासून मी आकृतीला नव्हे, सर्किटला विचारतो. यंत्राची वायर भिंतीतून काढलेली असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे सलग जोडणीला बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर, ठेवून त्याचे एक टोक सर्किटच्या धातूच्या कवचाला आणि दुसरे एकेका पायाला लावावे. ज्या पायावर बीप वाजेल तो ग्राउंड. उरलेल्या दोहोंपैकी जो पाय जवळच्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या धन बाजूला जातो तो पुरवठ्याचा, आणि राहिला तो आउटपुट.

यंत्र अजून चालू होत असेल, तर पुरवठ्याच्या पायावर किती व्होल्ट येतात हेही मोजून ठेवावे. मात्र पॉवर सप्लायच्या बाजूला हात जाऊ देऊ नये, कारण तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत रिसीव्हर असतो खरा, पण त्यासाठी टीव्ही उघडण्याच्या फंदात सवय नसलेल्याने पडूच नये. पायावर पाच व्होल्ट मिळाले तर उत्तम. सेट-टॉप बॉक्समध्ये अनेकदा ३.३ व्होल्ट दिसतात. बहुतेक नवे रिसीव्हर पाच व्होल्टही सोसतात, पण अंगावरचा नंबर वाचता येत नसेल आणि खात्री करता येत नसेल, तर तो बाजूला ठेवून दुसरा शोधावा.

आता कॉम्प्युटरची बाजू. मी इथे लिनक्स चालणारा, कॉम म्हणजे सिरियल पोर्टचा दहा पिनांचा हेडर (मदरबोर्डवरच्या उभ्या पिनांचा गट) असलेला डेस्कटॉप गृहीत धरला आहे. मागच्या बाजूला सिरियल पोर्टचे तोंड नसले तरी पुष्कळ मदरबोर्डांवर हा हेडर गुपचूप बसलेला असतो आणि तिथे एक पिन मुद्दाम गाळलेली असते. यूएसबीला लावायचे सिरियल अडॅप्टर या कामाला चालत नाहीत, कारण पुढे ज्या ड्रायव्हरचा उल्लेख येतो तो खऱ्या पोर्टच्या इंटरप्टवरच, म्हणजे पोर्टकडून प्रोसेसरला जाणाऱ्या तातडीच्या इशाऱ्यावरच, काम करतो. हेडरवर आपल्याला दोनच पिना लागतात: डीसीडी (ही पोर्टची एक इनपुट पिन) आणि ग्राउंड. डीसीडी ही पहिली पिन असते. ग्राउंडची जागा मात्र पिनांच्या मांडणीनुसार बदलते, म्हणून मदरबोर्डचे मॅन्युअल पाहावे आणि कॉम्प्युटर बंद असताना कॅबिनेटच्या पत्र्याशी बीप वाजते का, हेही तपासावे.

पाच व्होल्टचा पुरवठा एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, चार तारांच्या मोलेक्स कनेक्टरमधून घ्यावा. त्यातली लाल तार पाच व्होल्टची, काळ्या दोन्ही ग्राउंडच्या आणि पिवळी बारा व्होल्टची. पिवळी चुकून लागली तर रिसीव्हर वाचत नाही. लाल तार थेट न जोडता मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालावा आणि रिसीव्हरच्या अगदी पायाशी, पुरवठा व ग्राउंड यांच्यामध्ये, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. एसएमपीएसची कुरकुर या जोडीमुळे रिसीव्हरपर्यंत पोहोचत नाही, आणि जोडणीत कुठे शॉर्ट झालाच तर हा रेझिस्टर प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. पहिल्याच वेळी मी तो घातला असता, तर तो चटका बसला नसता.

यापुढचा रेझिस्टर लोक हमखास विसरतात. रिसीव्हरच्या पोटात आउटपुट वर ओढून धरणारा एक रेझिस्टर असतो, पण तो सुमारे ३० किलोओहमचा, म्हणजे अगदी दुबळा. सिरियल पोर्टची इनपुट पिन ३ ते ७ किलोओहमचा भार टाकते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर पिनवर एक व्होल्टसुद्धा धड उभा राहत नाही. म्हणून पुरवठा आणि आउटपुट यांच्यामध्ये बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. आउटपुट डीसीडीला लावल्यावर मल्टिमीटरवर पाचऐवजी अडीच-तीन व्होल्ट दिसतील. त्याने बिचकू नये, पोर्टला तेवढे पुरतात. रिमोटचे बटण दाबून धरले की हा आकडा खाली येऊन थरथरतो. थरथर दिसली, की सोल्डरिंगचे काम संपले. दिसली नाही, तर आधी रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. जांभळट ठिपका लुकलुकला नाही, तर दोष रिमोटचा किंवा त्याच्या सेलचा.

बायोसमध्ये सिरियल पोर्ट सुरू असल्याची, पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४ असल्याची खात्री करावी. लिनक्सचा नेहमीचा सिरियल ड्रायव्हर हा पोर्ट आधीच धरून बसलेला असतो, म्हणून सेटसिरियल या कमांडने पहिल्या पोर्टचा यूएआरटी (पोर्ट चालवणारी चिप) ‘नन’ करावा आणि मगच सिरियल-आयआर हे मॉड्यूल (मघाशी उल्लेखलेला ड्रायव्हर) मॉडप्रोब या कमांडने चढवावे. चढताना हे मॉड्यूल डीसीडीची स्थिती काही वेळा वाचून रिसीव्हर कोणत्या जातीचा आहे ते स्वतः ठरवते आणि तसे कर्नलच्या नोंदीत लिहिते. ती नोंद जरूर वाचावी. आपल्या जोडणीत ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ (एरवी वर, संकेत आला की खाली) असेच यायला हवे. ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ आले तर आउटपुटची तार पिनपर्यंत पोहोचलेलीच नाही, असे बहुधा समजावे. मॉड्यूल चढत असताना रिमोटला हात लावू नये, हे ओघाने आलेच.

यानंतर आयआर-कीटेबल ही कमांड चाचणीच्या पर्यायासह, एनईसी, आरसी-५ आणि सोनी हे तिन्ही प्रोटोकॉल (रिमोटच्या संकेतांच्या पद्धती) सुरू करून चालवावी आणि एकेक बटण दाबत जावे. प्रत्येक बटणाचा स्कॅनकोड, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, पडद्यावर उमटतो. तो कागदावर उतरवून मग कीमॅपच्या (बटण आणि की यांची जोडी सांगणाऱ्या) फाइलमध्ये त्याच्यापुढे हव्या त्या कीचे नाव लिहावे. सोनीचा रिमोट ४० किलोहर्ट्झवर, फिलिप्सचा आरसी-५ प्रकार ३६ वर आणि एनईसी ३८ वर चालतो. रिसीव्हर ३८ चा असला तरी बाकीचे दोन्ही ओळखले जातात, फक्त पल्ला कमी होतो. त्यामुळे खोलीच्या टोकाकडून बटण चालेनासे झाले, तर दोष जोडणीत शोधण्याआधी रिमोट बदलून पाहावा.

राहिली खिडकी. डीव्हीडी प्लेअरच्या दर्शनी पट्टीतला तो गडद तुकडा हॅकसॉने कापून घ्यावा आणि कॅबिनेटच्या रिकाम्या ड्राइव्हच्या झाकणाला भोक पाडून आतून चिकटवावा. तो डोळ्यांना जवळजवळ अपारदर्शक दिसतो, पण ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांना अडवत नाही, उलट खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड बाहेर ठेवतो. रिसीव्हर त्याला अगदी खेटून बसवावा. दोन सेंटिमीटर जरी मागे राहिला, तरी समोरून चालणारा रिमोट बाजूच्या खुर्चीवरून चालत नाही.