लेझर फ्यूजनचं मॉडेल करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की फोंड्याकडच्या शाळांतून मला परीक्षक म्हणून बोलावणं येतं. लेझर फ्यूजनचं, म्हणजे लेझरच्या जोरावर हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकत्र आणून ऊर्जा मिळवण्याचं, मॉडेल तिथे हमखास असतं, आणि हमखास चुकलेलं असतं.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे लेझर थेट इंधनाच्या गोळीवर मारणं. गेल्या वर्षी एका पोराने चवथीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचा चेंडू केला आणि त्यात लाल स्ट्रॉ खुपसल्या. १९२, अगदी मोजून! मी विचारलं, "अरे बाबा, सोन्याची नळी कुठाय?" पोरगा सरांकडे बघतो, सर माझ्याकडे. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ते १९२ किरण शिरतात सेंटीमीटरभर लांबीच्या पोकळ सोन्याच्या नळीत, दोन्ही तोंडांनी. आतल्या भिंतीवर आदळले की क्ष-किरण निघतात, आणि तेच मधल्या दोनेक मिलिमीटरच्या गोळीचं कवच बाहेरून उडवतात. कवच बाहेर उडतं, त्या धक्क्याने आतलं इंधन, म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं, चिरडलं जातं. थेट माराच दाखवायचा असेल तर अमेरिकेतल्याच रॉचेस्टरच्या ओमेगा लेझरचं मॉडेल करा. मग स्ट्रॉ ६० पुरतात.

किरण लाल रंगवू नका. नळीपाशी ते अतिनील असतात, दिसतच नाहीत. आणि टोकामॅकचा, म्हणजे चुंबकाने फ्यूजन करणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा, मेदूवडा शेजारच्या टेबलावर ठेवा, यात मिसळू नका. तिथे इंधनाला चुंबक धरून ठेवतो; इथे इंधन पांगायच्या आत जळून घेतं, एवढाच काय तो आधार.

"वीजटंचाई संपली" हा फलक तर फाडावासा वाटतो. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या त्याच फॅसिलिटीत गोळीमागे २.०५ मेगाज्यूल लेझर खर्ची पडला, फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. मोठंच यश ते. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे बिलातलं एक युनिटसुद्धा नाही, आणि तो लेझर चालवायला साधारण ३०० मेगाज्यूल वीज लागली, म्हणजे ८० च्या वर युनिटं. घरचं बिल आणून शेजारी चिकटवा.

"दाब सगळीकडून सारखा हवा" एवढं पाठ म्हणून सुटू नका. ग्लासभर पाण्यावर कोकमाचं आगळ हळूच सोडा. लाल बोटं खाली उतरताना दिसतील. हलक्यावर जड रेललं की हे होणारच. गोळीतही हलका तापलेला प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) जड कवचाला रेटतो, कवचावर बारीकसा खड्डा असला तरी तिथून अशीच बोटं आत घुसतात आणि मधला तापलेला गाभा थंडावतो. दर वर्षी सांगतो. एकाच मुलीने करून पाहिलं, तेही घाईघाईत चमच्याने ढवळून. वर साखर घालून परीक्षकांना प्यायला दिलं.